प्रश्नचिन्हाआधीची जागा

प्रश्नचिन्हाच्या आधी एक जागा मोकळी सोडलेली होती. इनेसाने चष्मा काढला, झग्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. जागा तिथेच होती. चिठ्ठी नेहमीसारखीच, साखरेच्या डब्याखाली सरकवलेली. 'इना, चारपर्यंत येतो. बटाटे आहेत ? -- नसतील तर आणीन.' अक्षर गेन्नादीचं, तिच्या नवऱ्याचं. यंत्रांच्या आराखड्यांवर असतात तशी सुटी, ताठ, एकमेकांना न टेकणारी अक्षरं. एकतीस वर्षं ती हे अक्षर बघत आली होती. फ्रिजच्या दारावर, औषधाच्या बाटल्यांवर, मुरंब्याच्या बरण्यांवर. बघत आली होती, वाचत मात्र नव्हती. 'आहेत' हा शब्द संपला, एका अक्षराएवढी जागा गेली, मग प्रश्नचिन्ह आलं आणि त्याच्यामागे दोन आडव्या रेघा. एक नव्हे, दोन. शेगडीवर किटली खदखदत होती. तिने गॅस बंद केला आणि चहा न करताच खुर्चीवर बसली. बाहेर अंगणात कुणीतरी गालिचा झोडपत होतं. प्रत्येक फटक्याबरोबर ती मनाशी म्हणत राहिली, असेल, असं पुष्कळजण लिहीत असतील. पण असं पुष्कळजण लिहीत नाहीत हे तिच्याइतकं त्या शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं तिने मुद्रितं तपासली होती. तांत्रिक पुस्तकं छापणाऱ्या त्या प्रकाशनात लेखक यायचे, जायचे, मरायचे. तिच्यापाशी उरायच्या त्यांच्या खोडी. कुणी 'परंतु'च्या आधी श्वास घ्यायचा, कुणी कंस उघडून बंद करायला विसरायचा. शेजारच्या टेबलावरची रायिसा कधी कधी लेखकाचं नाव तळव्याखाली झाकून तिच्यापुढे पान धरायची, "ओळख बघू," आणि इनेसा दोन ओळींत ओळखायची. ही गंमत होती, हिवाळ्यापर्यंत. हिवाळ्यात इंटरनेटवरच्या शहराच्या फोरमवर सगळं बदललं. आधी तिथे लोक गरम पाणी कधी येणार, चांगला दंतवैद्य कोण, हरवलेलं मांजर कुणी पाहिलं का, असलं काहीबाही विचारायचे. डिसेंबरात कीवच्या चौकात सरकारविरुद्ध माणसं ठाण मांडून उभी राहिली, आणि एका चर्चेने बाकीच्या सगळ्या गिळून टाकल्या. 'हे कोण घडवतंय?' एवढंच तिचं नाव. कुणी म्हणायचं मॉस्को, कुणी म्हणायचं वॉशिंग्टन आणि ब्रुसेल्स. मार्च उजाडेपर्यंत तिची आठशे पानं झाली होती. मांजरवाले, दंतवैद्यवाले, सगळेच तिथे येऊन एकमेकांना विकला गेलेला, पगारी, परक्यांच्या ताटात जेवणारा म्हणू लागले. इनेसाचं तिथलं नाव होतं 'स्वल्पविराम'. ती लिहायची, की कडाक्याच्या थंडीत तीन महिने उभं राहायला माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. ती चिडली की उभी राहतात. आणि समोरून जवळजवळ रोज उत्तर यायचं 'जुनी ट्राम' या नावाने.

जुनी ट्राम शिवी देत नसे. 'आमचे मंत्री कोण व्हावेत हे फोनवर बसून ठरवणारे ते परदेशी साहेब कोण ? -- मी कुणाच्या बाजूने नाही, विचारतो आहे.' ती लिहायची, आणि क्रिमियात बिल्ले काढून उतरलेले सैनिक कोण? ते कुणाला विचारून आले? उत्तर यायचं, 'त्यांनाही विचारलं असतं -- पण ते फोरमवर नसतात.' एकदा हे वाचून ती मोठ्याने हसली होती. पलीकडच्या खोलीतून गेन्नादीने विचारलं होतं, "काय झालं?" ती म्हणाली होती, "काही नाही, लेखकाने गमतीदार चूक केलीय." आता ते आठवून तिचे कान तापले. पलीकडच्या खोलीत तो संगणकावर बुद्धिबळ खेळत असायचा. निदान तसं तो सांगायचा. आणि ती स्वयंपाकघरात मुद्रितं तपासत असायची, निदान तसं ती सांगायची. मधे चार इंचांची भिंत. भिंतीपलीकडून कळांची टिकटिक यायची, थांबायची, मग तिची सुरू व्हायची.

घरात हा विषय बंद होता. फेब्रुवारीत जेवताना एकदा तो काहीतरी म्हणाला, ती म्हणाली, "तू तुझ्या बहिणीच्या तोंडाने बोलतोयस." बहीण सीमेपलीकडे, मॉस्कोच्या मुलखात, बेल्गोरोदला. गाडीने जेमतेम दीड तास. तो घास तोंडात तसाच धरून बसला, आणि ती ताट सरकवून उठली. दोन दिवस अबोला झाला. मग दोघांनी शहाण्या माणसांसारखं ठरवलं, की घरात यावर एक शब्द काढायचा नाही. टीव्ही फक्त हवामानापुरता. त्यानंतर घर फार सभ्य झालं. मीठ दे, मीठ घे, खिडकी लावू का, लाव. कधी कधी तिला वाटायचं आपण दवाखान्याच्या खोलीत राहतोय आणि शेजारच्या खाटेवर कुणीतरी अनोळखी, सुस्वभावी माणूस आहे.

तिने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये घातली आणि ट्रामच्या थांब्यावर आली. एप्रिलच्या मध्यावरची उजळ, वाऱ्याची सकाळ होती. चौकाजवळ ट्राम हळू झाली तसं डब्यातलं बोलणं बंद पडलं; हल्ली तिथे आलं की असंच होई. प्रशासनाच्या इमारतीपुढे लोखंडी कठडे, ढाली टेकवून उभे असलेले शिपाई, पायऱ्यांवर काळे डाग. शिपाई सिगारेट ओढत होते. प्रवासी आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते, शेजारचा कोणत्या बाजूचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इनेसाने डोळे मिटले. तरीही तो दिवस आलाच. पहिला मार्च. शनिवार होता, ती ऑफिसात उरलेलं काम आहे असं सांगून निघाली होती आणि चौकात गेली होती, नुसती बघायला. मग गर्दीने इमारत ताब्यात घेऊन बसलेल्या, कीवच्या बाजूच्या पोरांना ओढून बाहेर काढलं. गुडघ्यांवर बसवलं. दोन्ही बाजूंना माणसं उभी, मधून ती पोरं रांगत चाललेली, आणि वरून जखमांना लावायचं हिरवं औषध ओतलेलं, त्यात मिसळलेलं रक्त. एकजण तिच्या पायाशी कोलमडला. दाढी नुकती फुटलेली. तिने आपला गळपट्टा त्याच्या डोक्यावर दाबून धरला आणि मागून एक बाई, भाजीबाजारात भेटावी तशी साधी बाई, ओरडली, "कशाला पुसतेस गं? त्याच्या अमेरिकेला पुसू दे!" घरी येऊन तिने कोटाची बाही गार पाण्यात भिजत घातली. गेन्नादीने दारातून विचारलं, "आत्ता धुणं?" ती म्हणाली, शाई सांडली.

दुसऱ्या दिवशी फोरमवर जुन्या ट्रामने लिहिलं, 'त्या पोरांना त्या इमारतीत नेऊन बसवलं कुणी ?' एवढंच. सहा-सात वेळा तिने ती ओळ वाचली आणि सातव्यांदा तिचं लक्ष त्या मोकळ्या जागेकडे गेलं. ही जागा आपण पाहिलीय. जानेवारीत, वाहनांच्या ब्रेकवरच्या एका जाडजूड पुस्तकाच्या मुद्रितांत. लेखक झिनोवी पाव्लोविच तोपची, अभियांत्रिकी संस्थेतले प्राध्यापक. समासात प्रश्न लिहायचे, 'आकृती सात इथेच ना ?' तिला एकदम थंड, स्वच्छ वाटलं, एखादी चूक पाचशे पानांत दबा धरून बसलेली सापडावी तसं. तिसऱ्या दिवशी तिने तीन ओळी लिहिल्या. त्यांचं नाव, त्यांचा विभाग, आणि 'जुन्या ट्रामला आता समोरासमोरच विचारा, हे सगळं कोण लिहवून घेतं.' शंभरजणांनी वाहवा केली. कुणी पत्ता शोधला. कुणी दाराला रंग फासून त्याचा फोटो टाकला. संस्थेने त्यांना काही दिवस घरीच राहायला सुचवलं म्हणे. आणि जुनी ट्राम त्या दिवसापासून गप्प झाली. ती गप्प झाली, हाच तर पुरावा होता.

ऑफिसात तिने कपाट उघडून तोपचींच्या मुद्रितांचा गठ्ठा काढला. पुस्तक यादीतून वगळलं होतं, पण पानं कुणी फेकली नव्हती. ती भराभर उलटू लागली आणि उलटताना आपल्याला काय सापडायला हवंय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिला स्वतःची किळस आली. तिला तोच माणूस हवा होता. तोपचीच जुनी ट्राम असावेत, गेन्नादीची चिठ्ठी नुसता योगायोग असावा, आणि दाराला फासलेला तो रंग योग्य दारालाच लागलेला असावा. प्रश्नचिन्हाआधीची जागा होती, पानोपानी होती. पण रेघ? तोपची रेघ एकच मारत होते. लांब, सडसडीत, एकच. तिनेच तांबड्या पेन्सिलीने त्यातल्या कितीतरी आखूड केल्या होत्या. जुन्या ट्रामच्या रेघा दोन असत, कायम दोन. मार्चमध्ये तिला हे दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं असंही नाही. हवं तेवढं मिळालं होतं, म्हणून पुढे बघितलंच नव्हतं. शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर तिने तिला त्या दिवशीच घरी पाठवलं असतं.

"तोपचीचं बाड कशाला गं काढलंस?" रायिसा चहाचा कप घेऊन मागे उभी होती. "परवा दवाखान्यात दिसला बिचारा. हात प्लास्टरमध्ये."

"कशाने?"

"जिन्यात कुणीतरी ढकललं म्हणे. फोरमवर काहीतरी आलं होतं ना त्याच्याविषयी. आणि तुला सांगते, सगळा मूर्खपणा. त्याची मुलगी हिवाळाभर कीवला त्या चौकात लोकांना सूप वाढत होती. हा इथून खोकी भरभरून लोकरी मोजे पाठवायचा! आमच्या जिन्यातल्या बायकांकडून पण नेले होते." रायिसाने घोट घेतला. "तू का अशी पांढरी पडलीस?"

"दुखतंय डोकं."

"घरी जा. ब्रेकवाचून कुणाचं अडलेलं नाही."

ती घरी आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. पावणेचार झाले होते. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं, संगणकाचा काळा पडदा दिसत होता. उठून तो चालू करावा असं तिच्या मनात आलं आणि तिने केला नाही. कुलपात किल्ली फिरली. गेन्नादी आत आला, पिशवी जमिनीवर ठेवली. कारखान्यात हल्ली आठवड्यातून तीनच दिवस काम असे आणि ते तीन दिवसही तो नीट दाढी करून जाई.

"बटाटे आणले," तो म्हणाला.

"गेना, जुनी ट्राम तू आहेस?"

तो वाकून बुटाची नाडी सोडत होता. ती त्याने पूर्ण सोडली. मग दुसऱ्या बुटाची. मग तो सरळ झाला.

"आहे."

"आणि मी कोण, ते तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. फोरमवर एवढे स्वल्पविराम दुसरं कोण देतं? शिवाय 'उगाच कशाला' म्हणतेस, बोलताना म्हणतेस तसंच."

"आणि तू बोलला नाहीस."

"काय बोलायचं होतं? इथे मी तोंड उघडलं की तू ताट सरकवून उठणार. तिथे तू उत्तर द्यायचीस." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "चांगली उत्तरं द्यायचीस. मी वाट बघायचो."

तिला रडू यायला हवं होतं, की हसू, ते कळेना. ती सुद्धा वाट बघायची. सकाळी तो बाहेर पडला, की सगळ्यात आधी ती जुन्या ट्रामने काय लिहिलंय ते उघडून बघायची. एकतीस वर्षांनंतर हे असं काहीतरी, आणि तेही खोट्या नावांनी. पण यातलं काहीही आता तिला नको होतं.

"तोपचीचं नाव मी लिहिलं, तेव्हा?"

तो टेबलापाशी आला. खुर्ची ओढली नाही, पाठीला धरून उभा राहिला.

"अकरा वर्षं एका टेबलाला बसलो आम्ही. यंत्रांचे नकाशे काढायच्या खात्यात. तिथे आमचा साहेब होता, प्रश्नचिन्ह आकड्याला चिकटवलं की ओरडायचा. चिकटलं की दोनचा आकडा वाटतो म्हणायचा, बाविसाचे दोनशे बावीस होतील आणि कुणाचा तरी हात जाईल यंत्रात. जागा सोडा! त्या खात्यातला प्रत्येकजण जागा सोडतो. तू मला विचारलं असतंस तर..." तो थांबला. कसं विचारणार होती ती.

"एक ओळ लिहायची होतीस. तो नव्हे, मी."

"लिहिली होती. पुसली. त्या दाराचा फोटो बघितला आणि मला आपलं दार दिसलं. मी नसताना तू एकटी असतेस—"

"माझ्यावर ढकलू नकोस हं, गेना."

"नाही ढकलत. घाबरलो. संपलं." त्याचा आवाज चढला, कितीतरी दिवसांनी. "तू नाव लिहिलंस, मी गप्प बसलो. आता यातला मोठा गुन्हेगार कोण, हे ठरवायला पुन्हा फोरमवर जाऊया का?"

"त्याचा हात मोडलाय."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. बटाट्यांची पिशवी आपोआप कलंडली, दोन बटाटे घरंगळत शेगडीखाली गेले आणि दोघांनीही ते उचलले नाहीत. ती म्हणाली, "बूट घाल."

तोपची तीन थांबे पलीकडे राहत होते, जुन्या पाचमजली घरात, चौथ्या मजल्यावर. जिन्यात मांजरांचा आणि ब्लीचचा वास होता. चढताना गेन्नादी दोनदा थांबला. दार दिसलं तेव्हा दोघंही थांबले. तांबड्या रंगाने लिहिलेला मोठा शब्द कुणीतरी खरवडून काढायला घेतला होता, डाव्या हाताने खरवडल्यासारखे वेडेवाकडे ओरखडे होते, अर्धा शब्द गेला होता आणि उरलेल्या अर्ध्यावरूनही तो कोणता होता ते कळत होतं. हा शब्द फोरमवर ती दिवसातून पन्नास वेळा वाचत आली होती. लाकडावर तो वेगळा दिसत होता. तिने घंटा वाजवली. आत पावलं आली आणि दारापर्यंत येऊन थांबली.

"कोण?"

"झिनोवी, मी. गेन्नादी. नकाशाखात्यातला."

साखळी खळखळली. दारात एक उंच, वाळका माणूस उभा होता, स्वेटरची एक बाही प्लास्टरवर कापून चढवलेली. क्षणभर त्याने डोळे बारीक केले, मग त्याचा सगळा चेहरा उघडला.

"गेना! अरे माणसा! मला वाटलं मेलास की काय!" त्याने डाव्या हाताने गेन्नादीला आत ओढलं. "आणि या? या, या. बूट राहू देत, घर तसंही झाडलेलं नाही. दीड महिन्यात माझ्याकडे घंटा वाजवून आलेली तुम्ही पहिली माणसं. बाकीची न वाजवता येतात."

त्यांनी एका हाताने चहा केला, कुणाला मदत करू दिली नाही. लिंबू प्लास्टरने दाबून धरून कापलं. इनेसाचं नाव ऐकल्यावर ते थबकले आणि हसले. "तुम्हीच का त्या तांबड्या पेन्सिलवाल्या? माझ्या पुस्तकात एकशे चाळीस चुका काढणाऱ्या!"

"एकशे बेचाळीस," तिच्या तोंडून निघून गेलं.

"बघ गेना, अशी बायको मिळायला भाग्य लागतं." ते खरोखर खूश होते. तिच्या पुढ्यातला चहाचा ग्लास गरम होता, तो दोन्ही हातांनी धरून तिला वाटलं आता उठावं, पुन्हा येऊ म्हणावं, या माणसाला निदान आजची संध्याकाळ द्यावी. गेन्नादी तिच्याकडे बघत नव्हता. ती बोलू लागली. मुद्रितं, जागा, तीन ओळी, तिचं तिथलं नाव, सगळं एका दमात, कुठेही न थांबता. मग म्हणाली, "आणि ते लिहीत होता गेन्नादी. हे मला आज सकाळी कळलं. त्याला आधीच माहीत होतं."

तोपचींनी चमचा ग्लासातून काढून बशीत ठेवला. खाली रस्त्यावरून ट्राम गेली आणि काचा थरथरल्या.

"म्हणजे माझं नाव देणारा खालच्या मजल्यावरचा तो नव्हता," ते म्हणाले. "दीड महिना मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. जिन्यात तो नमस्कार करायचा, मी मान फिरवायचो." त्यांनी गेन्नादीकडे बघितलं. "तू तरी यायचंस, गेना. बोलायचं नव्हतंस तर नसतं बोललास. नुसतं येऊन बसायचंस."

गेन्नादीने मान खाली घातली.

"मी आजच तिथे खुलासा लिहिते," इनेसा म्हणाली, "माझ्या खऱ्या नावाने. पत्त्यासकट."

"नको!" ते एकदम ओरडले, आणि मग सावकाश, "तिथे माझं नाव पुन्हा घेऊ नका. चांगलं म्हणायलासुद्धा नको. तुम्ही लिहाल, मग ते विचारतील तुम्हाला कुणी विकत घेतलं, मग पुन्हा माझं दार. मला तिथे असायचंच नाहीये. मी कधी नव्हतोच." ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "मिराला सांगा. माझ्या मुलीला. तिला कुणीतरी ते फोरमवरचं पाठवलं. तिने फोन केला, बाबा हे तुम्ही लिहिता का. मी म्हटलं मला फोरम म्हणजे काय तेच ठाऊक नाही. ती म्हणाली, खोटं बोलू नका, मला लहानपणापासून पत्रं आलीत तुमची, ही जागा मी ओळखते." ते खुर्चीवर बसले. "तुमच्यासारखीच हुशार आहे ती."

त्यांनी नंबर लावला आणि फोन टेबलावर, साखरेच्या भांड्याला टेकवून, मोठ्या आवाजावर ठेवला. सहा वेळा घंटा वाजली. मग एक कोरडा तरुण आवाज आला, "काय आहे, बाबा?" तोपचींनी बोट दाखवून इनेसाला खूण केली. तिने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी ती अडखळत होती. मग मिरा म्हणाली, "बाबांनी तुम्हाला हे बोलायला बसवलंय का? किती कबूल केलेत?"

"मी कुणाची नाही," इनेसा म्हणाली, आणि हे वाक्य आपण कितीदा वाचलंय, किती जणांच्या तोंडी, आणि एकदाही त्यावर विश्वास ठेवला नाही, हे तिला आठवलं.

"ठीक आहे. मग खरं कोण लिहीत होतं? नाव सांगा."

आत्ताच, या टेबलापाशी, इनेसाने ते नाव घेतलं होतं. पण इथे माणूस समोर बसला होता. पलीकडे कीव होतं, तिथे कुणाची कोणती मित्रमंडळी, कुणाच्या हातात कोणता फोन, कुणाला ठाऊक. पुन्हा एक नाव. पुन्हा तिच्याच तोंडून. न सांगावं तर ही मुलगी बापाला खोटंच धरणार. ती ओठ उघडत होती, इतक्यात गेन्नादी पुढे वाकला. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तो जवळजवळ ओरडून बोलला.

"मी. शुल्हा, गेन्नादी रोमानोविच. साल्तिव्कात राहतो, घर क्रमांक चौऱ्याऐंशी, दुसरा जिना, सहावा मजला. लिहून घे हवं तर. तुझे वडील आणि मी एका साहेबाच्या हाताखाली होतो, ती जागा त्याने शिकवली. तुझे वडील तिथे कधीच नव्हते."

मिराने विचारलं, "तुम्ही जे लिहायचात, ते अजून मानता?"

गेन्नादीने इनेसाकडे पाहिलं. "बरंचसं," तो म्हणाला. "सगळं नाही."

"बाबा आहेत तिथे?"

तोपचींनी डाव्या हाताने फोन उचलला, त्याचा मोठा आवाज बंद करायला धडपडले, इनेसाने बटण दाबून दिलं. फोन कानाशी धरून ते दोघांकडे बघत म्हणाले, "आता तुम्ही निघा." रागाने नाही. घाईने.

दार त्यांच्यामागे लागलं. जिन्यात उभं राहून आतलं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसता त्यांचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा आवाज. इनेसाने नखाने दारावरचा तांबडा पोपडा उचकटला. तो निघाला. तिने दुसरा उचकटला. गेन्नादीने तिचा हात धरून खाली आणला, आणि ते जिना उतरू लागले. खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा परतत होतं.

थांब्यावर ऊन तिरकं झालं होतं. पाचसहाजण उभे होते. गेन्नादी खिशात हात घालून रुळांकडे बघत होता आणि मग एकदम म्हणाला, "पण त्या पोरांना त्या इमारतीत नेलं कुणी, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे हां."

"कुणी नेलं नाही!" ती इतक्या मोठ्याने बोलली की लोकांनी माना वळवल्या. एकाने पाठ फिरवली. "स्वतःच्या पायांनी गेली ती. आणि बाहेर काढली गुडघ्यांवर. मी होते तिथे, गेना. एकाच्या डोक्यातून रक्त येत होतं, ते मी दाबून धरलं होतं. ती शाई नव्हती."

ट्राम आली. दारं उघडली, लोक चढले, चालकिणीने या दोघांकडे पाहिलं, थोडं थांबली, आणि दारं मिटून ट्राम निघून गेली. गेन्नादीचा चेहरा ऊन असूनही राखेसारखा झाला होता.

"मला सांगितलं नाहीस."

"घरात बोलायचं नव्हतं ना."

तो बाकावर बसला. तिच्यासाठी सरकून जागा केली. ती बसली नाही. "माझ्या बहिणीचा आंतोन," तो म्हणाला, "मार्चपासून सैन्याबरोबर सीमेवर आहे. पलीकडच्या बाजूला. तंबूत. कशासाठी आणलंय ते त्यांना सांगत नाहीत. ती मला दुपारी कारखान्यात फोन करते आणि नुसती रडते. तुझ्यापुढे मी ते कसं बोलणार होतो? तू म्हणाली असतीस, म्हणजे तुझा भाचाच येणार आमच्यावर. आणि बरोबरच म्हणाली असतीस." त्याने हातांनी चेहरा चोळला. "तिथे मी दिवसरात्र विचारत बसायचो, हे कोण, ते कोण, कुणी केलं. मला तेवढंच हवं होतं गं, की कुणीतरी म्हणावं, हे इथेच थांबेल. इतकी शहाणी माणसं लिहितात, एकाने तरी म्हणावं. तू तरी."

रुळांच्या वळणावर दुसरी ट्राम दिसली, लांब होती अजून. आंतोनला इनेसाने पाहिलं होतं ते सहा वर्षांचा असताना, त्यांच्या गावाकडच्या बागेत, बादलीत पाय घालून बसलेला. आता तिला तो चेहरा आठवेना. त्याच्या जागी तो गळपट्ट्याखालचा चेहराच येत होता, दाढी नुकती फुटलेला.

"युद्ध होईल का, इना?" गेन्नादीने विचारलं. त्याने मान वर केली होती आणि तो तिच्याकडे बघत होता, उत्तरासाठी थांबून.

फोरमच्या आठशे पानांत तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर होतं. ती त्याच्या शेजारी बसली. ट्राम जवळ येत होती.